द प्रॉमिस्ड नेव्हरलँड (दुसरे पर्व)

'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' या जपानी ॲनिमे मालिकेचे दुसरे पर्व जानेवारी ते मार्च २०२१ या काळात जपानमधील फुजी टीव्ही वाहिनीवरून प्रसारित झाले. या पर्वात ११ भाग आहेत. काइउ शिराई यांनी लिहिलेल्या व पोसुका देमिझु यांनी चित्रित केलेल्या याच नावाच्या मांगा मालिकेवर ते आधारित असून त्याची निर्मिती क्लोव्हरवर्क्स या स्टुडिओने केली. मालिकेचे मूळ जपानी नाव 'याकुसोकु नो नेबारांडो' असे आहे.

२०१९ साली प्रसारित झालेले पहिले पर्व समीक्षक व प्रेक्षक या दोघांनीही वाखाणले होते. दुसऱ्या पर्वाने मात्र मूळ मांगातील मोठा भाग वगळून संपूर्ण उर्वरित कथा अकरा भागांत संपवली. त्यामुळे लोकप्रिय मालिकेच्या निराशाजनक उत्तरार्धाचे उदाहरण म्हणून या पर्वाचा वारंवार उल्लेख होतो. टीकेचा मुख्य रोख चित्रांकनाच्या दर्जापेक्षा कथेच्या आक्रसण्यावर होता. घटनांचे परिणाम पडद्यावर दिसतात, पण त्या परिणामांना वजन देणारी कारणे आणि त्यांसाठी मोजावी लागणारी किंमत गाळली गेली आहे, असे या टीकेचे सार सांगता येते.

== पार्श्वभूमी ==

=== मूळ मांगा ===

'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड' ही मांगा शुएइशा प्रकाशनाच्या 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात १ ऑगस्ट २०१६ पासून १५ जून २०२० पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची एकूण १८१ प्रकरणे असून ती २० खंडांत संकलित झाली आहेत. या साप्ताहिकातील कथांमध्ये किशोर नायक आणि शारीरिक शक्तीची चढाओढ यांना सामान्यतः प्राधान्य असते. शिराई यांच्या कथेत नायिका अकरा वर्षांची मुलगी आहे आणि सुरुवातीचा सगळा संघर्ष बुद्धीच्या बळावर चालतो. २०१८ साली या मांगाला शोगाकुकान मांगा पुरस्काराचा किशोर विभागातील सन्मान मिळाला.

कथेची सुरुवात ग्रेस फील्ड हाऊस या अनाथालयात होते. तेथील मुले ज्यांना 'मामा' म्हणतात त्या इझाबेला यांच्या देखरेखीखाली सुखाने राहतात, रोज बुद्धिमापन चाचण्या देतात आणि बाराव्या वर्षापूर्वी दत्तक घरी पाठवली जातात, अशी त्यांची समजूत असते. कॉनी नावाची लहान मुलगी निघताना आपला कापडी ससा विसरते. तो देण्यासाठी गेलेल्या एमा व नॉर्मन यांना फाटकापाशी तिचा मृतदेह दिसतो. अनाथालय ही प्रत्यक्षात माणसांची शेती असून मुले राक्षसांच्या आहारासाठी वाढवली जात आहेत, हे त्यांना कळते. त्यानंतर हे दोघे आणि त्यांचा मित्र रे पलायनाची योजना आखू लागतात.

=== पहिले पर्व ===

पहिल्या पर्वाचे १२ भाग जानेवारी ते मार्च २०१९ मध्ये फुजी टीव्हीच्या 'नॉइटामिना' या रात्री उशिराच्या प्रसारण-पट्ट्यात दाखवले गेले. इंग्रजीतील 'ॲनिमेशन' हा संपूर्ण शब्द उलट्या क्रमाने लिहून या पट्ट्याचे नाव तयार केले आहे. दिग्दर्शन मामोरु कानबे यांचे, पटकथेची मांडणी तोशिया ओनो यांची, पात्ररचना काझुआकी शिमादा यांची आणि संगीत ताकाहिरो ओबाता यांचे होते. एमा, नॉर्मन व रे यांना अनुक्रमे सुमिरे मोरोहोशी, माया उचिदा व मारिया इसे यांनी आवाज दिला.

या पर्वात मांगाची सुमारे पहिली ३७ प्रकरणे रूपांतरित झाली. एका भागाला साधारण तीन प्रकरणे असा वेग पडल्यामुळे प्रत्येक डावाला व प्रतिडावाला पुरेसा अवकाश मिळाला. मांगामध्ये पात्रांची स्वगते बरीच आहेत. कानबे यांनी त्यांतील बराचसा भाग वगळून तोच ताण दृश्यांतून उभा केला. लांब रिकामे व्हरांडे, दारामागून पाहणारा कॅमेरा, घड्याळाची टिकटिक आणि मामांच्या चेहऱ्यावरील न ढळणारे स्मित यांचा त्यासाठी उपयोग झाला. मुलांना काय ठाऊक आहे, मामांना काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, यांतील फरकावर या पर्वाची रचना उभी आहे.

पर्वाच्या अखेरीस १५ मुले भिंत ओलांडून पळतात. चार वर्षांचा फिल आणि त्याच्यासारखी लहान मुले मागे राहतात व त्यांना परत येऊन सोडवण्याचे वचन एमा देते. इझाबेला याच शेतीत वाढलेल्या होत्या आणि रे हा त्यांचा मुलगा आहे, हेही याच टप्प्यावर उघड होते. २०२० सालच्या क्रंचीरोल ॲनिमे पुरस्कारांत मालिकेला सर्वोत्कृष्ट कल्पनारम्य मालिकेचा आणि इझाबेला यांना सर्वोत्कृष्ट प्रतिनायकाचा पुरस्कार मिळाला.

== निर्मिती व प्रसारण ==

पहिले पर्व संपताच दुसऱ्या पर्वाची घोषणा झाली. ते ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू व्हायचे होते. कोविड-१९ महासाथीमुळे ते जानेवारी २०२१ पर्यंत पुढे ढकलले गेले. दिग्दर्शक, पात्ररचनाकार आणि संगीतकार तेच राहिले. नव्या पर्वात मूळ मांगात नसलेला मजकूर असेल आणि त्याच्या मांडणीत मूळ लेखक शिराई यांचा सहभाग असेल, असे जाहीर करण्यात आले होते. त्यामुळे बदलांविषयी प्रेक्षकांत सुरुवातीला शंकेपेक्षा उत्सुकता अधिक होती.

पहिला भाग जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात प्रसारित झाला. पाचव्या व सहाव्या भागांच्या दरम्यान, एका आठवड्यात नव्या भागाऐवजी आधीच्या घटनांचा आढावा घेणारा विशेष भाग दाखवला गेला. अकरावा व अंतिम भाग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रसारित झाला. पर्वाचे प्रारंभगीत 'आयडेंटिटी' किरो आकियामा यांनी आणि समाप्तिगीत 'माहो' म्युक यांनी गायले आहे. डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे पर्व सुरू होण्याच्या थोडे आधी, युइचिरो हिराकावा दिग्दर्शित चित्रपटही जपानमध्ये प्रदर्शित झाला होता. मिनामी हामाबे यांनी त्यात एमाची आणि केइको कितागावा यांनी इझाबेला यांची भूमिका केली.

== कथानक ==

पळालेली मुले जंगलात राक्षसांच्या पाठलागात सापडतात. सोंजू व मुजिका हे दोन राक्षस त्यांना वाचवतात. हे दोघे शेतीतील माणसांचे मांस खात नाहीत. सुमारे हजार वर्षांपूर्वी माणसे व राक्षस यांच्यात युद्धसमाप्तीचा करार होऊन जगाची दोन भागांत वाटणी झाली आणि शेतीतील मुले राक्षसांच्या वाट्याला आलेल्या जगात राहिली, ही माहिती मुलांना त्यांच्याकडून मिळते. मालिकेच्या नावातील 'वचन' ते हेच. सोंजू मुलांना शिकार करून जगण्याचे कौशल्यही शिकवतो.

विल्यम मिनर्व्हा या अज्ञात साहाय्यकाने ठेवलेल्या खुणांच्या आधारे मुले एका भूमिगत आश्रयस्थानी पोहोचतात. तेथे अन्न, पुस्तके व इतर सोयी आहेत, पण माणूस कोणीही नाही. सशस्त्र माणसांच्या हल्ल्यानंतर मुलांना ते ठिकाण सोडावे लागते. पुढे राक्षसांच्या वस्तीजवळील पडक्या मंदिरात राहत असताना त्यांची नॉर्मनशी भेट होते. तो मारला गेला नसून लॅम्डा नावाच्या प्रायोगिक केंद्रातून निसटला आहे आणि आता मिनर्व्हाचे नाव धारण करून इतर सुटलेल्या मुलांचे नेतृत्व करतो आहे.

माणसाचे मांस मिळाले नाही तर राक्षसांची बुद्धी व आकार टिकत नाही आणि ते रानटी पशूंच्या अवस्थेत जातात. या गुणधर्माचा उपयोग करून विषाद्वारे संपूर्ण राक्षसजातीचा नाश करावा, अशी नॉर्मनची योजना आहे. मुजिकाच्या रक्तामुळे माणसे न खाताही राक्षसांचे रूप टिकू शकते, म्हणून हा संहार अनावश्यक आहे, असे एमाचे मत असते. राक्षसांच्या वस्तीत एक वृद्ध राक्षस आपल्या नातीला 'एमा' अशी हाक मारतो. ती ऐकून नॉर्मनचे हात थांबतात आणि तो योजना सोडून देतो.

यानंतर मुले ग्रेस फील्ड हाऊसमध्ये परततात. इझाबेला व इतर मामा शेतीव्यवस्थेविरुद्ध उभ्या राहतात आणि माणसांच्या बाजूने करार सांभाळणाऱ्या घराण्याचा प्रमुख पीटर राट्री आत्महत्या करतो. बहुतेक मुले माणसांच्या जगात जातात. एमा आणि काही सहकारी उरलेल्या मुलांना सोडवण्यासाठी मागे राहतात. अखेरीस सर्व जण पुन्हा एकत्र येतात.

== मूळ कथेपासून फारकत ==

=== रूपांतराचा वेग ===

पहिल्या पर्वानंतर मांगाची १४४ प्रकरणे शिल्लक होती. अकरा भागांत ती बसवायची तर एका भागाला सरासरी १३ प्रकरणे येतात. हा वेग पहिल्या पर्वाच्या चौपटीहून अधिक आहे. पहिल्या पर्वाचाच वेग कायम ठेवला असता तर उर्वरित कथेला साधारण ४७ भाग लागले असते. त्यामुळे काहीतरी गाळणे अपरिहार्य होते. टीका झाली ती गाळण्यासाठी निवडलेल्या गोष्टींवर.

=== गोल्डी पॉन्ड व युगो ===

मांगामध्ये भूमिगत आश्रयस्थान रिकामे नसते. तेथे युगो नावाचा एक प्रौढ माणूस अनेक वर्षे एकटा राहत असतो. तोही लहानपणी एका शेतीतून पळाला होता, पण त्याचे साथीदार एकामागून एक गमावले गेले. तो मुलांना प्रारंभी हाकलू पाहतो. पलायन यशस्वी झाल्यानंतरही माणूस आतून मोडू शकतो, हे या पात्रातून कथेला सांगता येते. एमाच्या आशावादासमोर अनुभवाने कडवट झालेला माणूस उभा राहतो आणि तिच्या आशावादाची पहिली खरी परीक्षा होते.

त्यानंतर गोल्डी पॉन्ड हे कथानक येते. हे राक्षस सरदारांचे गुप्त शिकार-उद्यान असून तेथे माणसांची मुले सोडून त्यांचा पाठलाग केला जातो. एमा तेथे पकडली जाते, युगोचा हरवलेला मित्र ल्यूकस तिला भेटतो आणि मुले लेउविस या सरदाराविरुद्ध लढतात. मांगाच्या वाचकांत हे कथानक अतिशय लोकप्रिय होते. पुढे आश्रयस्थानावर हल्ला होतो तेव्हा मुलांना निसटता यावे म्हणून युगो व ल्यूकस प्राण देतात.

ॲनिमेने युगोचे पात्र आणि गोल्डी पॉन्डचे संपूर्ण कथानक वगळले. आश्रयस्थानावरील हल्ला ठेवला, पण त्यात गमावण्याजोगे कोणीच उरले नाही. एमाच्या व्यक्तिमत्त्वावरही याचा परिणाम झाला. मांगातील एमा शांततेचा आग्रह धरते तेव्हा तिने राक्षसांशी प्राणपणाने लढून पाहिलेले असते. ॲनिमेतील एमा तोच आग्रह तशा अनुभवाशिवाय धरते आणि त्यामुळे काही समीक्षकांना ती भोळी वाटली.

=== नॉर्मनचा प्रश्न ===

मालिकेच्या उत्तरार्धाचा नैतिक गाभा एमा व नॉर्मन यांच्या मतभेदात आहे. ज्यांनी आपल्या भावंडांना खाल्ले त्या जातीला जगण्याचा अधिकार आहे का, आणि आपल्या माणसांना वाचवण्यासाठी सबंध जातीचा नाश करणे न्याय्य ठरते का, हा तो प्रश्न आहे. दोन्ही बाजूंना वजन असल्याशिवाय त्याला अर्थ राहत नाही.

मांगामध्ये नॉर्मन राक्षसांच्या सत्तावर्गातील जुन्या वैराचा उपयोग करतो. राजधानीत रक्तपात होतो, राणी लेग्रावलिमा हिच्याशी संघर्ष घडतो आणि एमा व रे तेथे पोहोचेपर्यंत बरीच हत्या होऊन गेलेली असते. नॉर्मनला थांबवताना एमाला केवळ एक मत खोडून काढायचे नसते. स्वतःच्या कृत्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या मित्राला तिला परत आणायचे असते. दुसरीकडे, एमाचा पर्यायही केवळ सदिच्छेवर उभा नसतो. 'सात भिंती' ओलांडून राक्षसांच्या आद्य देवतेपर्यंत पोहोचण्याचा आणि नवे वचन मिळवण्याचा दीर्घ प्रवास तिने केलेला असतो.

ॲनिमेमध्ये राजसत्तेचे कथानक जवळपास नाही आणि नॉर्मनचे मतपरिवर्तन एका भेटीत व एका नावाच्या उच्चारावर घडते. शत्रूच्या नातीला आपल्या मैत्रिणीचे नाव असणे, ही कल्पना स्वतंत्रपणे पाहिली तर प्रभावी आहे. मात्र संबंध जातीच्या संहाराचा निर्णय घेतलेल्या पात्रासाठी ती अपुरी ठरते, अशी टीका झाली.

=== शेवट व त्याची किंमत ===

मांगामध्ये नव्या वचनासाठी एमाला किंमत मोजावी लागते. माणसांच्या जगात पोहोचल्यावर ती आपल्या कुटुंबाच्या सर्व आठवणी गमावते व इतरांपासून वेगळी होते. दीर्घ शोधानंतर ती सापडते, पण कोणालाही ओळखत नाही. तरीही सर्व जण तिच्याबरोबर नव्याने जगायचे ठरवतात. इझाबेला मांगामध्ये मुलांचे रक्षण करताना मरण पावतात.

ॲनिमेमध्ये एमा आठवणी गमावत नाही आणि इझाबेला जिवंत राहतात. सुखान्त हा दोष म्हणता येत नाही. पण ज्या मालिकेच्या पहिल्याच भागात कॉनीचा मृत्यू दाखवून सुटकेला किंमत असते हे सांगितले गेले, तिच्या शेवटी जवळपास काहीच गमावावे लागत नाही, ही विसंगती अनेकांना जाणवली.

== अंतिम भाग ==

सर्वाधिक टीका अकराव्या भागावर झाली. मुले माणसांच्या जगात गेल्यानंतर एमाच्या पुढील प्रवासाचे वर्णन संवादाविना, संगीताच्या पार्श्वभूमीवर स्थिरचित्रांच्या मालिकेतून केले गेले. राक्षसांच्या राजसत्तेतील बदल, इतर शेतींतील मुलांची सुटका आणि नव्या वचनाची प्राप्ती या मांगामध्ये अनेक प्रकरणे व्यापणाऱ्या घटना काही क्षणांच्या चित्रांत आटोपल्या. मांगा न वाचलेल्या प्रेक्षकाला त्यांतील कित्येक व्यक्ती व स्थळे ओळखता येणे शक्य नव्हते, तर मांगा वाचलेल्या प्रेक्षकाला काय गमावले याची यादीच समोर दिसत होती.

== प्रतिसाद ==

पर्वाचे आरंभीचे भाग बऱ्यापैकी स्वीकारले गेले. जंगलातील दृश्ये, सोंजू व मुजिका यांचे चित्रण आणि ओबाता यांचे संगीत यांची प्रशंसा झाली. राक्षसांच्या वस्तीचे चित्रण हीसुद्धा या पर्वाची जमेची बाजू मानता येते. तेथील सामान्य राक्षस उपाशी, दरिद्री आणि आपल्या मुलाबाळांची काळजी करणारे दाखवले आहेत. मांसाचा पुरवठा वरच्या वर्गाच्या हाती असल्याने शेतीव्यवस्थेने राक्षस समाजातही विषमता निर्माण केली आहे, हे त्यातून सूचित होते.

आश्रयस्थान रिकामे निघाल्यानंतर मांगाच्या वाचकांची नाराजी वाढू लागली. सुरुवातीला नाराजी मुख्यतः वाचकांपुरती होती. उत्तरार्धात घटनांचा वेग वाढल्यावर केवळ ॲनिमे पाहणाऱ्यांनीही ती व्यक्त केली. प्रेक्षकांच्या मूल्यांकनावर चालणाऱ्या संकेतस्थळांवर दुसऱ्या पर्वाचा गुणांक पहिल्या पर्वाच्या तुलनेत पुष्कळच खाली राहिला. पहिले पर्व पाहून पुढची कथा मांगामध्ये वाचावी, असा सल्ला चाहत्यांमध्ये रूढ झाला.

== कारणमीमांसा ==

जपानी ॲनिमे मालिकांचे अर्थकारण बहुधा 'निर्मिती समिती' या पद्धतीने चालते. प्रकाशक, दूरचित्रवाणी वाहिनी, संगीत कंपनी इत्यादी घटक मिळून भांडवल गुंतवतात. स्टुडिओ हा पुष्कळदा ठरलेल्या मोबदल्यात काम करणारा घटक असतो. प्रसारणाची वेळ तीन महिन्यांच्या तिमाहीत मोजली जाते आणि एका तिमाहीत साधारण ११ ते १३ भाग बसतात. भागांची संख्या त्यामुळे कथेच्या गरजेपेक्षा प्रसारणाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते.

चालू असलेल्या मांगावरील ॲनिमे हा मांगाच्या विक्रीला चालना देणारा मार्गही असतो. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'ची मांगा दुसरे पर्व सुरू होण्यापूर्वीच संपली होती. अशा परिस्थितीत एकाच तिमाहीत संपूर्ण कथा पूर्ण करण्याचे ठरले की मग गोल्डी पॉन्डसारखे दीर्घ कथानक ठेवून शेवटापर्यंत पोहोचणे शक्य होत नाही. कथा अर्धवट सोडावी की घाईने संपवावी, या दोन पर्यायांपैकी दुसरा येथे स्वीकारला गेल्याचे दिसते.

कथेच्या स्वरूपाचाही यात वाटा आहे. पहिले पर्व एका घरात, ठरावीक मुदतीत आणि थोड्या पात्रांत घडते. उत्तरार्धात संपूर्ण जग, त्याचा इतिहास, राजकारण आणि धर्मकल्पना येतात. अशी कथा सांगायला पहिल्यापेक्षा अधिक वेळ लागतो. प्रत्यक्षात तिला एक भाग कमीच मिळाला.

== तुलना ==

मूळ कथेपासून फारकत घेणे हे अपयशाचे पुरेसे कारण नाही. 'फुलमेटल अल्केमिस्ट'च्या २००३ सालच्या ॲनिमेने मांगा अपूर्ण असताना स्वतंत्र शेवट रचला आणि तो नावाजला गेला. त्या मालिकेला ५१ भागांचा अवकाश मिळाला होता. पुढे २००९ साली मांगाशी निष्ठावान राहणारी ६४ भागांची दुसरी मालिकाही निघाली.

याउलट 'टोकियो घूल'चे २०१५ साली प्रसारित झालेले दुसरे पर्व बारा भागांत वेगळ्या वाटेने गेले आणि नायकाच्या निर्णयांमागील कारणे अस्पष्ट राहिल्याची टीका त्यावर झाली. 'वन-पंच मॅन'च्या बाबतीत अडचण निराळी होती. २०१५ सालचे पहिले पर्व मॅडहाऊस स्टुडिओने केले, तर २०१९ सालचे दुसरे पर्व जे. सी. स्टाफ या स्टुडिओकडे गेले व दिग्दर्शकही बदलला. तेथे कथा मांगाला धरूनच होती, तक्रार चित्रांकनाविषयी होती. 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'मध्ये स्टुडिओ व दिग्दर्शक कायम राहूनही निराशा झाली. म्हणूनच रूपांतरात वेळेच्या वाटपाचे महत्त्व दाखवण्यासाठी हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.